सहा पंख्यांचा पॅड, नऊ हजारांचा पॅड की दोन इटा?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी अकोल्याचा, पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी बाबांनी गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला. आय५-१२४५०एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स चिप, १५.६ इंची १४४ हर्ट्झचा स्क्रीन, ८ जीबी रॅम. पुण्यात ठीक चालायचा. सुट्टीत घरी आलो आणि गेम व्हॅलोरंट असो की जीटीए फाइव्ह, पंधरा-वीस मिनिटांत प्रोसेसर ९५-९७ अंशांवर जातो. गेममध्ये चालायच्या डब्ल्यू-ए-एस-डी बटनांवर बोटं ठेववत नाहीत आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) एकदम निम्म्यावर येतात. दुकानदार लॅपटॉपखाली ठेवायचा सहा पंख्यांचा लाइटवाला कूलिंग पॅड २,२०० रुपयांना देतो म्हणतो. मित्र म्हणतो, घ्यायचा तर फोमवाला नऊ हजारांचाच घे, बाकी सगळी खेळणी. दादा म्हणतो, "कायले पैसे घालवतं? दोन इटा ठेव खाली." बाबांनी आधीच सांगितलंय, हा बिघडवलास तर दुसरा मिळणार नाही. माझ्याजवळ २,५०० रुपये आहेत. कोणता पॅड घेऊ? आणि कूलरसमोर बसून खेळलं तर चालेल का? आई म्हणते, आत पाणी जाईल.
— तापलेला अकोलेकर

उत्तर:

तापलेल्या अकोलेकरा,

तुला मिळालेल्या सल्ल्यांपैकी सगळ्यात स्वस्त सल्ला दादाचा, आणि बरोबरही जवळपास तोच. फक्त इटा नकोत. विटेची भुकटी खालच्या जाळीतून थेट पंख्यात जाते. त्याऐवजी पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं घे. त्यांचं काय करायचं ते सांगतेच, पण आधी पॅड नेमकं काय करतो हे डोक्यात पक्कं असू दे, म्हणजे दुकानात कोणी तुला गुंडाळणार नाही.

पॅड प्रोसेसरला थंड करत नाही. ते काम लॅपटॉपच्या पोटातल्या पंख्यांचं. चिपची उष्णता तांब्याच्या चपट्या नळ्यांमधून कडेला असलेल्या पातळ पत्र्यांच्या जुडग्यापर्यंत येते. पंखे खालून हवा ओढतात, त्या पत्र्यांच्या फटींमधून ढकलतात आणि गरम हवा मागून किंवा बाजूने बाहेर टाकतात. लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवला की रबरी पायांमुळे खाली जेमतेम काही मिलिमीटरची फट उरते. तिथे हवा कमी पडत असेल तर ती पुरवणं, एवढंच पॅडचं काम. हवा कमी पडतच नसेल, किंवा हवा मिळूनही आतल्या फटी धुळीने बुजल्या असतील, तर खाली सहा पंखे लाव नाहीतर सोळा लाव. नाक दाबलेल्या माणसाला वारा घालण्यातला तो प्रकार.

आता तुझ्या ९५-९७ अंशांबद्दल. आकडा ऐकून बाबांना धडकी भरणं साहजिक आहे, पण लॅपटॉप त्याने जळणार नाही. तुझ्या प्रोसेसरची कमाल मर्यादा इंटेलने १०० अंश ठेवली आहे. ती जवळ आली की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि काही कंपन्या तर त्याच्या थोडं आधीच लगाम ओढतात. आरटीएक्सच्या लॅपटॉप चिपा साधारण ८७ अंशांवर हात आखडता घेतात. गेम चालू असताना प्रोसेसर ८५ ते ९० वर असणं हे गेमिंग लॅपटॉपच्या बाबतीत रोजचंच. तेव्हा तुझी तक्रार तापमानाची म्हणू नकोस, फ्रेम पडण्याची म्हण. तापमान ९५ असूनही फ्रेम स्थिर राहिल्या असत्या तर मी तुला काहीच घेऊ नकोस म्हटलं असतं.

पुण्यात चालत होता आणि अकोल्यात का नाही, याचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे, तू ते ओलांडून पुढे गेलास. पंखा खोलीतलीच हवा आत घेतो. पुण्यात तुझ्या खोलीत ३० अंश असतील आणि अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी बंद खोलीत ३९-४०, तर तो नऊ-दहा अंशांचा फरक जवळजवळ तसाच्या तसा प्रोसेसरच्या आकड्यात जाऊन बसतो. पुण्यातला ८७ इथे ९७ होतो. लॅपटॉप बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या वापरासाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश धरतात. तुझ्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात शोध, बारीक अक्षरात कुठेतरी सापडेल. विदर्भातला उन्हाळा त्या कागदात बसत नाही. आणि कितीही महागडा पॅड घेतलास तरी तो खोलीतलीच हवा फेकणार. ४० अंशांच्या खोलीत पॅडमधून ४० अंशांचाच वारा येतो.

म्हणून कूलरचा प्रश्न आधी घेते. तुझ्या पत्रातला सगळ्यात कामाचा प्रश्न तो आहे आणि तू तो शेवटी, जाता जाता विचारलास.

मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत कूलर खोली सहज दहा अंशांनी खाली आणतो. याचा अर्थ, खिडकी किलकिली ठेवून खोलीत कूलर लावलास की लॅपटॉपला कुठल्याही साध्या पॅडपेक्षा जास्त फायदा फुकटात मिळतो. आईचा धाक मात्र खोटा नाही. कूलरचा पंखा जोरात असेल, ताट्या जुन्या झाल्या असतील किंवा पाणी जास्त पडत असेल तर हवेबरोबर बारीक तुषार उडतात. वाफ झालेल्या पाण्याचा लॅपटॉपला एवढा त्रास नाही. या तुषारांचा आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यांच्याबरोबर येतात, सर्किट बोर्डावर वाळतात आणि पांढरा थर धरतात. तेव्हा कूलरच्या थेट झोतात बसू नकोस. टेबल बाजूच्या भिंतीला लाव, कूलरपासून सात-आठ फूट लांब. झोतात हात धरून बघ, किंवा चष्म्याची काच धर. काचेवर ठिपके उमटले तर ती जागा लॅपटॉपची नव्हे. पावसाळ्यात हा उपाय बंद. हवाच ओली असल्यावर कूलर गारवा देत नाही, नुसता दमटपणा वाढवतो.

आता झाकणं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घे. ते प्रत्येक गोष्टीचा आताचा, सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त आणि सरासरी आकडा दाखवतं. गेममधली एकच जागा ठरव. जीटीएत शहराच्या मध्यभागी उभं राहणं किंवा एखाद्या ठरावीक रस्त्याने गाडी चालवणं चालेल. व्हॅलोरंटमध्ये प्रॅक्टिस रेंज. लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवून वीस मिनिटं खेळ आणि चार गोष्टी लिहून ठेव: प्रोसेसरचं सरासरी तापमान, ग्राफिक्स चिपचं तापमान, दोघांचा गिगाहर्ट्झमधला वेग, आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या (म्हणजे तापल्यामुळे वेग कमी करण्याच्या) ओळीत येस दिसतं का नो. मग लॅपटॉप अर्धा तास थंड होऊ दे. मागच्या दोन कोपऱ्यांखाली झाकणं ठेव, मागची बाजू दोनेक सेंटिमीटर उचलली गेली पाहिजे, आणि तोच प्रकार पुन्हा कर. खोलीचं तापमान आणि फॅनचा मोड दोन्ही वेळा सारखाच हवा. एकदा दुपारी आणि एकदा रात्री केलंस तर आकडे काढून उपयोग नाही.

झाकणांनी चार-पाच अंश उतरले, तर तुझा लॅपटॉप हवेसाठी तडफडत होता. त्याला खालून जागा दिल्याने फरक पडतो, म्हणजे स्टँड किंवा पॅड कामी येणार. एखादाच अंश उतरला, तर खोट दुसरीकडे आहे आणि पॅडवर घालवलेला पैसा फुकट जाणार. आणि एक तिसरी शक्यता आहे, ती मला तुझ्या पत्रात दिसतेच आहे. थ्रॉटलिंग नो आहे, ग्राफिक्स चिप ७५ वर आरामात आहे, तरी जीटीएत अडखळतं. असं असेल तर दोष उष्णतेचा नाही. रॅमची, म्हणजे मेमरीची, ८ जीबीची एकच पट्टी असलेला लॅपटॉप गेममध्ये दोन पट्ट्यांच्या मानाने बराच मागे पडतो, कारण मेमरीकडे जाणारा अर्धा रस्ता बंद असतो. वर विंडोज, ब्राउझर आणि गप्पांचं डिसकॉर्ड अ‍ॅप मिळून त्यातलेही तीन-चार जीबी खातात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर दिसत असेल तर तुझे २,५०० रुपये पॅडसाठी नव्हे, रॅमच्या दुसऱ्या पट्टीसाठी बाजूला ठेव. तिथे थोडी भर घालावी लागली तरी. तुझ्या मॉडेलमध्ये दुसरा स्लॉट आहे का आणि डीडीआर४ लागते की डीडीआर५, हे आधी बघून घे.

झाकणांनी फरक पडला नाही आणि मेमरीही ठीक आहे, मग धूळ. लॅपटॉप वर्षाचा झालाय, हॉस्टेलवर राहून आलाय. पलंगावरच्या चादरीचे, ब्लँकेटचे तंतू पत्र्यांच्या फटींपाशी जमून त्यांची नमद्यासारखी पट्टी होते. ती बाहेरून दिसत नाही. खूण अशी की पंखे पूर्वीपेक्षा जास्त ओरडतात आणि मागून येणारी हवा मात्र मंद लागते. साधं कारण असताना लोक पॅड घेतात ते इथेच.

हे साफ कोणी करायचं? वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचार की खालचं कव्हर उघडलं तर वॉरंटी जाते का. कंपनीगणिक नियम वेगळे आहेत, आणि बाबांचं वाक्य लक्षात आहे ना. वॉरंटी संपली असेल तर एखादा भरवशाचा रिपेअरवाला गाठ आणि साफसफाई तुझ्या डोळ्यांसमोर होऊ दे. लॅपटॉप उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. हवा मारताना पंख्याची पाती काडीने किंवा बोटाने धरून ठेवायची, मोकळी गरगरू द्यायची नाहीत, त्याने बेअरिंग बिघडतं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर अजिबात नको. त्या हवेबरोबर पाणी आणि तेल येतं. पेस्ट (चिपची उष्णता नळ्यांकडे नेणारा लेप) बदलायची का असं तो विचारेल. पहिल्याच वर्षी सहसा गरज नसते. साफसफाईनंतरही प्रोसेसर ९५ च्या खाली येत नसेल तरच. आणि काही महागड्या गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टच्या जागी लिक्विड मेटल असतं. ते वीजवाहक आहे, बोर्डावर एक थेंब पडला तर खेळ खलास. तुझ्या वर्गातल्या लॅपटॉपमध्ये ते बहुधा नसणार, पण उघडण्याआधी खात्री कर. तुझा कोणी मित्र यूट्यूब बघून स्वतःचा उघडायला निघाला असेल तर त्यालाही हे सांग.

एक रुपयाही न घालता होणारं आणखी एक काम आहे. तुझा स्क्रीन सेकंदाला १४४ चित्रं दाखवतो. व्हॅलोरंटमध्ये तुझा लॅपटॉप त्याहून जास्त फ्रेम काढत असणार, आणि ज्या फ्रेम स्क्रीन दाखवूच शकत नाही त्यांचीही उष्णता तुझ्याच बोटांखाली साठते. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा १४४ ला बांध. जीटीएला ६० किंवा ७५ पुष्कळ. तुझी ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सगळ्या गेमना एकदम ही मर्यादा घालता येते. दुसरं, कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये टर्बो किंवा परफॉर्मन्स मोड असेल तर तो सोडून बॅलन्स्डवर खेळून बघ. तुझा प्रोसेसर ४५ वॉटचा म्हणून विकला जातो, पण मोकळा सोडला तर थोडा वेळ ९५ वॉटपर्यंत उसळू शकतो. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या तांब्याच्या नळ्या बऱ्याचदा सामाईक असतात. प्रोसेसरने उगाच घेतलेले वॉट ग्राफिक्स चिपलाही भाजतात. बॅलन्स्डमध्ये व्हॅलोरंटच्या दहा-पंधरा फ्रेम जातील, पण ज्या राहतील त्या वीस मिनिटांनीही राहतील.

यूट्यूबवर एक उपाय फार फिरतो: विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा, तापमान वीस अंश खाली येतं. येतं, खोटं नाही. पण त्याने प्रोसेसरचा टर्बो (गरजेला वेग वाढवण्याची सोय) पूर्ण बंद होतो आणि तुझा ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर २ गिगाहर्ट्झच्या आसपास येऊन बसतो. व्हॅलोरंट ग्राफिक्स चिपपेक्षा प्रोसेसरवर जास्त भार टाकणारा गेम आहे, तिथे तुला ते लगेच जाणवेल. असाइनमेंट लिहायला, सिनेमा बघायला तो उपाय उत्तम. खेळायला नको.

एवढं सगळं करून झाकणांनी फरक पडतो हेही दिसलं, तर पॅड घे. पण दुकानात जाण्याआधी लॅपटॉप उलटा कर आणि खालच्या जाळ्यांचा फोटो काढ. स्केलपट्टी शेजारी ठेवून काढलास तर आणखी चांगलं. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये खरी हवा घेणारी भोकं बिजागरीच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे असतात. मधली, पुढची बरीचशी जाळी नुसती नक्षी असते, आतून बंद. टॉर्च मारून बघ, पंख्याची पाती दिसली ती जागा खरी. पॅडचे पंखे या दोन जागांच्या खाली आले पाहिजेत. हा एक निकष पाळलास तर बाकी निम्मे पॅड आपोआप बाद होतात. मधोमध एकच मोठा २०० मिलिमीटरचा पंखा असलेला पॅड दिसायला दणकट असतो, पण तुझ्या लॅपटॉपच्या मध्यावर बॅटरी आणि सपाट प्लास्टिक असेल तर तो बिचारा प्लास्टिकला वारा घालतो.

दुकानदाराच्या सहा पंख्यांबद्दल. साधा पॅड लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालतो. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. ३.० पोर्ट दिला तरी साडेचार. एवढ्यात सहा पंखे आणि वर इंद्रधनुष्यी दिवे. प्रत्येक पंख्याच्या वाट्याला किती येत असेल, हा हिशेब तू इंजिनीअरिंगला असल्याने तुझ्यावर सोडते. लहान पंखे जास्त असण्यापेक्षा योग्य जागी दोन-तीन मोठे पंखे बरे, आवाजही कमी करतात. खोक्यावर सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा त्याचा) आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो. तो मोकळ्या हवेतला. पंख्यासमोर जाळी आणि तिच्यामागे अरुंद फट आली की त्यातलं थोडंसंच आत शिरतं, उरलेली हवा बाजूने निसटते. साध्या उघड्या पॅडने दोन ते पाच अंश उतरले तरी तो चांगला म्हणायचा. "तापमान २० अंशांनी कमी" असं लिहिलेलं असेल तर ते वाक्य लिहिणाऱ्याची खोली हिमाचल प्रदेशात असावी.

हात लावून बघायच्या गोष्टी दोन-तीनच. वरचा पृष्ठभाग धातूच्या मोकळ्या जाळीचा हवा, बारीक भोकांचं प्लास्टिक नको. लॅपटॉप घसरू नये म्हणून पुढे जे अडसर असतात ते उंच असले तर मनगटाला रुततात. तासभर माऊस-कीबोर्ड चालवणाऱ्याला हे चांगलंच कळतं. उंची बदलता येत असेल तर मागची बाजू उचलल्यावर डगमगतो का बघ. आणि पंखे वरच्या दिशेने हवा फेकतात ना, कागदाचा कपटा ठेवून खात्री कर. काही पॅड हवा खाली ओढतात. असा पॅड तुझ्या लॅपटॉपच्या तोंडचा घास पळवतो.

पॅडची यूएसबी वायर लॅपटॉपलाच लावली पाहिजे असं नाही. मोबाइलच्या साध्या यूएसबी चार्जरला लाव, ५ व्होल्टच मिळतात आणि लॅपटॉपचा एक पोर्ट मोकळा राहतो.

मित्राचा नऊ हजारांचा पॅड ही वेगळी जात आहे, आणि मित्र पूर्ण चुकीचा नाही. त्यात एक ताकदवान पंखा असतो, भोवती जाड फोमची चौकट. लॅपटॉप त्या फोमवर दाबून बसतो, त्यामुळे हवेला बाजूने पळायला जागाच राहत नाही, ती दाबाने थेट आत जाते. यूएसबीची वीज पुरत नाही म्हणून सोबत वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर येतो. आयईटीएस आणि लॅनो ही यातली गाजलेली नावं. हे पॅड खरोखर आठ-दहा अंश, कधी त्याहून जास्त उतरवतात. पण पूर्ण वेगावर आवाज शेजारच्या खोलीत जातो. तुझ्या घरी दुपारी कोणी झोपत असेल तर पहिल्याच दिवशी वाद. धूळही दाबाने आत जाते, म्हणून सोबतची गाळणी आठवड्याला झटकावी लागते. फोम तुझ्या लॅपटॉपच्या जाळ्यांभोवती बसला पाहिजे, जाळ्यांवर नव्हे. आणि गरम हवा बाहेर टाकणारं तोंड त्याने झाकलं जाता कामा नये. ज्याच्याकडे १४० वॉटची ग्राफिक्स चिप आहे, जो रात्रभर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चित्रं तयार करायला (रेंडर) लावतो, त्याने हा पॅड घ्यावा. तुझ्या ३०५० ला कंपनीने फार तर ८० वॉट दिले असतील. तिच्यासाठी नऊ हजार म्हणजे लॅपटॉपच्या किमतीचा मोठा तुकडा एका सुट्टीसाठी घालवणं. ऑगस्टमध्ये पुण्यात परत गेल्यावर तो पॅड खोक्यात जाईल.

बटनं तापतात त्याबद्दल: पॅडने खालचा पत्रा थोडा गार होतो, वरचं कीबोर्ड तेवढं होत नाही. बाहेरचा एखादा साधा कीबोर्ड असेल तर तो लाव. हॉस्टेलवर कोणाकडे तरी जुना पडलेला असतोच.

पलंगावर खेळतोस का हे तू लिहिलं नाहीस, पण खेळत असशील असं धरून चालते. गादीवर, गोधडीवर ठेवलेल्या लॅपटॉपखाली फटच उरत नाही, आणि पॅड गादीत रुतला तर त्याच्याही पंख्यांची तोंडं बंद होतात. घरात जेवायला बसायचा पाट असेल तर तो पलंगावर घे आणि त्यावर झाकणांसह लॅपटॉप. मांडीवर तर ठेवूच नकोस. २०१० साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी एका १२ वर्षांच्या मुलाची नोंद केली होती. तो रोज काही तास लॅपटॉप मांडीवर घेऊन गेम खेळायचा, आणि काही महिन्यांत त्याच्या मांडीवर जाळीदार तपकिरी डाग उमटले. भाजत नव्हतं, दुखत नव्हतं, म्हणून कोणाचं लक्षही गेलं नव्हतं.

बाबांसाठी एक गोष्ट. उष्णतेने या लॅपटॉपमध्ये सगळ्यात आधी काही मरणार असेल तर ती बॅटरी, प्रोसेसर नव्हे. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण नियम आहे, आणि अकोल्यातल्या दुपारी, गेम चालू असताना, चार्जर लावलेला असताना ती तिथपर्यंत सहज जाते. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती आजच चालू कर. दुपारी एक ते पाच जीटीए नको, त्या वेळात हलकं काम कर. आणि लॅपटॉपची बॅग उन्हातल्या गाडीत कधीच नको.

मग तू काय करायचं? आज झाकणांची चाचणी, फ्रेमची मर्यादा, बॅलन्स्ड मोड आणि कूलर. उद्या मेमरी किती भरते ते बघ. या आठवड्यात धुळीचा निकाल लाव. एवढ्यात फ्रेम स्थिर झाल्या आणि मेमरीही मोकळी असेल, तर ५०० ते १,००० रुपयांचा नुसता अ‍ॅल्युमिनियमचा स्टँड घे, पंखे नसलेला. तो पुण्यातही कामाला येईल, मानही कमी दुखेल. स्टँडने भागत नाही, अजून चार-पाच अंश हवेत असं आकडे सांगत असतील, तर १,२०० ते १,८०० रुपयांत दोन-तीन पंख्यांचा, धातूच्या जाळीचा साधा पॅड बघ, जाळ्यांच्या फोटोशी ताडून. कूलर मास्टर, झेब्रॉनिक्स, कॉस्मिक बाइट यांचे या किमतीत मिळतात. नावापेक्षा पंख्यांच्या जागा बघ. २,२०० चा सहा पंख्यांचा नको.

दुकानात घेतलास तर लॅपटॉप सोबत ने आणि पॅडवर ठेवून बघू द्या म्हण. नाही म्हणाला तर दुसरं दुकान. ऑनलाइन मागवलास तर परत करण्याची मुदत किती आहे ते वाच आणि पहिल्याच दिवशी तीच वीस मिनिटांची चाचणी पॅडवर कर, त्याच वेळी, त्याच खोलीत, कूलर त्याच वेगावर ठेवून. झाकणांच्या आकड्यांपेक्षा तीन अंशही कमी झाले नाहीत तर परत कर. तोवर खोका, थर्माकोल आणि बिल सांभाळून ठेव, घरात कोणी रद्दीत टाकणार नाही अशा जागी.